भरती दोन-दहा, सुकती पन्नास

दर अवसेला आणि पुनवेला संध्याकाळी सातच्या सुमारास माझा मोबाइल वाजायचा आणि त्यावर ‘हिराजीदादा ओढा’ असं नाव यायचं. मी स्वयंपाकघरात असेन, मीटिंगमध्ये असेन, नाहीतर विचुंब्याच्या आमच्या इमारतीतल्या बंद पडलेल्या लिफ्टपाशी भाजीच्या पिशव्या घेऊन उभी असेन, बोलायची एवढंच, “बोला दादा, किती?” त्या दिवशी फोन आला तो दुपारी अडीचला. अवस नव्हती, पुनव नव्हती, हे माझ्या लक्षातच आलं नाही. उलव्याच्या साइटवरच्या पत्र्याच्या ऑफिसात मी कागद तपासत बसले होते. सवयीने म्हणाले, “बोला दादा, किती?” पलीकडून एक बाई म्हणाली, “मॅडम, मी रंजना, दादांची सून. दादा सकाळी गेले...” चहा घेतला, जरा पडतो म्हणाले आणि उठलेच नाहीत. मी तिला काय उत्तर दिलं ते आठवत नाही. सासऱ्याच्या मरणाची बातमी देणाऱ्या मुलीला आपण ‘किती’ विचारलं, हेच दिवसभर डोक्यात राहिलं.

या गोष्टीला आता सहा आठवडे झाले. हिराजीदादा माझ्या नात्यातले नाहीत, गावातले नाहीत. पनवेलच्या खालच्या अंगाला, जिथे शहर संपून खाऱ्या दलदलीचं खाजण सुरू होतं, तिथे खाडीला मिळणारा एक ओढा आहे. ओढा म्हणायचं ते आम्ही, कागदावर. बाकी सगळे त्याला गटारच म्हणायचे आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती. दहाएक वर्षांपूर्वी त्या गटाराचा पुन्हा ओढा करायचं काम निघालं. गाळ उपसला, पात्र रुंद केलं, सरळसोट केलेल्या प्रवाहाला त्याची जुनी वळणं परत दिली, काठांवर दगड भरलेल्या जाळ्या बसवल्या, वर वाळ्याचं गवत लावलं. उद्‌घाटन झालं, फोटो झाले, नारळ फुटला. अशी कामं नारळ फुटला की संपतात अशी आपल्याकडे समजूत आहे. पण या कामाच्या करारात एक विचित्र कलम होतं : बांधकामानंतर तीन वर्षं ओढ्यावर लक्ष ठेवायचं. पाणी कुठवर चढतं, कुठवर उतरतं, काठ टिकतात की ढासळतात, गवत जगतं की मरतं, ते सगळं लिहून ठेवायचं. हे कोणालाच नको असलेलं काम आमच्या छोट्या कंपनीकडे आलं आणि कंपनीत सगळ्यात नवी म्हणून माझ्या गळ्यात पडलं. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांची, खारघरला भाड्याच्या खोलीत राहणारी, आणि आपल्याला सगळं कळतं असं वाटायच्या वयातली होते.

रोज पाणी वाचायला तिथलाच माणूस हवा होता. ओढ्यावरच्या साकवाच्या खांबावर आम्ही मोजपट्टी रंगवली होती, पांढऱ्यावर काळे इंग्रजी आकडे. साकवाला लागून आगरी लोकांची पंधरा-वीस घरांची आळी आहे. तिथे चौकशी केली तेव्हा सगळ्यांनी एकाच घराकडे बोट दाखवलं. हिराजीदादा ओट्यावर बसून छत्री दुरुस्त करत होते. साठीच्या आसपासचे, शिडशिडीत, एका कानात भिकबाळीचं रिकामं भोक. त्यांच्या बापाने आणि नंतर त्यांनी गावाची उघाडी सांभाळली होती. खाडीचं खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून घातलेल्या बांधाला एक लाकडी झडप असते, ती उघाडी. भरतीला बंद करायची, ओहोटीला उघडायची, म्हणजे शेतातलं पाणी बाहेर जातं आणि खाडीचं आत येत नाही. एक वेळ चुकली तर गावाचा भात खारवतो. शेतं गेली, बांध गेला, उघाडीच्या जागेवर आता गोदाम आहे. पण दादांचं अंग अजून त्याच घड्याळावर चालायचं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, चवथीला तीन, अष्टमीला सहा, हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी बोटांवर मोजून दाखवलं होतं. मी कौतुकाने मान हलवली आणि विसरून गेले.

त्यांची आणखी एक खोड होती. पट्टी वाचली की आकडा, आधी मीटर मग सेंटिमीटर, मोठ्याने म्हणायचे आणि मग थांबायचे. पहिल्यांदा मला कळेना हे काय चाललंय. मग त्यांनीच सांगितलं की उघाडीवर एक माणूस खाली पाण्यात असतो आणि एक वर बांधावर. खालच्याने पाणी ओरडून सांगायचं, वरच्याने तेच परत म्हणायचं, तेव्हाच झडप हलवायची. ऐकण्यात चूक राहू नये म्हणून. तेव्हापासून मी साकवावर असले की ते म्हणायचे, “एक-चालीस,” आणि मी म्हणायची, “एक-चाळीस,” मग त्यांचं समाधान व्हायचं. मी नसताना ते दोन्ही वेळा स्वतःच म्हणायचे. आळीतल्या बायका त्यावरून त्यांची चेष्टा करत. त्यांची बायको गुणाबाई, जिला मी वहिनी म्हणत असे, ती बाजारात भाजी विकून आली की ओट्यावरून विचारायची, काय, आज ओढा काय बोलला? बोलला की, दादा म्हणायचे, तुझ्यापेक्षा कमीच बोलला.

ऑफिसने दिलेल्या फॉर्मवर वेळेचा रकाना होता आणि वेळा ठरलेल्या होत्या. सकाळी आठ, संध्याकाळी पाच. महिनाभर दादा आठला आणि पाचला गेले. मग मला म्हणाले, आठला जाऊन काय उपयोग, ओढ्यात खाडीचं पाणी शिरतं, आठला कधी भरती असते कधी सुकती, म्हणजे ओहोटी. त्यापेक्षा भर पूर्ण झाली की वाचतो आणि पूर्ण सुकली की वाचतो, म्हणजे ओढ्याच्या पोटात काय आहे ते कळेल. आणि पुढच्या फॉर्मवर त्यांनी वेळेच्या रकान्यात चक्क तिथ्या लिहिल्या. पंचमी. षष्ठी. मी हसले, आणि मग थोडी चिडलेसुद्धा. कंप्युटरला षष्ठी कशी घालायची? मी त्यांना सांगितलं, दादा, इथे घड्याळाची वेळ पाहिजे, आठ आणि पाच. त्यांनी बरं म्हटलं. पुढच्या महिन्यापासून रकान्यात आठ आणि पाच यायला लागले. मला वाटलं, प्रश्न मिटला.

प्रश्न तिथे सुरू झाला होता. त्या नोंदी वेड्यावाकड्या यायला लागल्या. आज आठला वीस सेंटिमीटर, चार दिवसांनी आठला पावणेदोन मीटर, पाऊस नाही, काही नाही. मला संशय आला की म्हातारा घरी बसून आकडे ठोकतोय. एका मंगळवारी मी कोणाला न सांगता बरोबर आठला साकवावर जाऊन उभी राहिले. दादा आले नाहीत. साडेआठपर्यंत थांबले, नाहीच आले. महिनाअखेरीला फॉर्म आला, त्यात त्या मंगळवारी आठच्या पुढे आकडा होता. झालं. चोर सापडला असं मला वाटलं, आणि खरं सांगायचं तर त्याचा थोडा आनंदही झाला. मी त्यांना विचारलं नाही. विचारलं असतं तर दोन मिनिटांत सगळं उलगडलं असतं. पण मी शिकलेली होते, मला पुरावा मिळाला होता, आणि वयाने मोठ्या माणसाला खोटारडा म्हणायचं धैर्य नव्हतं, म्हणून मी गप्प राहून मनातल्या मनात त्यांना खोटारडा ठरवून टाकलं.

मधूनमधून ते म्हणत असत की सुकती नीट उतरत नाही. पहिल्या वर्षी सुकतीला वीस असायचं, मग पस्तीस झालं, मग साठ. खाली मुखापाशी कुणाकुणाचे भराव पडत होते, तिथे गाळ धरत होता आणि ओढा पूर्ण रिकामा होईनासा झाला होता. मी हो हो म्हणायची. तीन वर्षं संपली तेव्हा अहवाल लिहायला बसले. दादांचा अख्खा रकाना माझ्यासमोर पडद्यावर होता. तो मी निवडला आणि एक बटण दाबून पुसून टाकला. माझ्या स्वतःच्या महिन्याकाठच्या भेटींचे आकडे ठेवले, ते मी सोयीने अकराच्या सुमारास घेतलेले, कधी चढत्या पाण्यात, कधी उतरत्या. त्यांची सरासरी छान सरळ येत होती. खाली एक ओळ लिहिली : ‘स्थानिक वाचकाच्या नोंदी अविश्वसनीय असल्याने वगळल्या आहेत.’ आणि शेवटी, ओढा स्थिर झाला असून पुढील देखरेखीची गरज नाही. वरच्या साहेबांनी न वाचता सही केली.

त्याच वर्षी आषाढातल्या अवसेला, गटारीच्या दिवशी, ओढा आळीत शिरला. भरदुपारी. घराघरांत मटण शिजत होतं. डोंगराकडे सकाळपासून पाऊस कोसळत होता, खाडीला मोठी भरती होती आणि ओढ्याचं पोट आधीच निम्मं भरलेलं होतं. पाणी कमरेएवढं झालं. माणसं गेली नाहीत, याला लोक नशीब म्हणतात. गुणावहिनी तांदळाची कोठी वर चढवायला गेल्या आणि चिखलात घसरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण त्या पुन्हा कधी टोपली घेऊन बाजारात गेल्या नाहीत. आजही त्या चार पायांची काठी घेऊन खाटेपासून दारापर्यंत येतात, तेवढंच.

पूर ओसरल्यावर चौथ्या दिवशी मी गेले. घरात फूटभर गाळ, भिंतींवर ओल. दादांनी माळ्यावरून एक शंभरपानी वही काढली आणि माझ्या हातात दिली. ती त्यांची घरची वही होती. त्यात पहिल्या महिन्यापासून तिथी, भरतीचं पाणी, सुकतीचं पाणी, असं ओळीने लिहिलेलं होतं. मी भिंतीवर एकाखाली एक लटकलेल्या तीन वर्षांच्या कॅलेंडरांवर तिथ्या बघत, पाऊणपट करत एकेक ओळ माझ्याजवळच्या फॉर्मांशी लावून पाहिली. सगळं जुळत होतं. तो मंगळवारसुद्धा. त्या दिवशी भरती अकराला होती, अकराला ते साकवावर गेले होते. मग फॉर्मवर आठ का लिहिलं, मी विचारलं. त्यांना माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. “तुमीच बोललात ना, रकान्यात आठ पायजेत. मी लिवले आठ. पानी मात्र खरं लिवलं.” त्यांच्या लेखी त्या रकान्याला काही अर्थच नव्हता. ती ऑफिसची हौस होती, आणि ऑफिसची हौस पुरवायला त्यांची ना नव्हती. मी त्या ओल्या ओट्यावर वही मांडीवर घेऊन बसून राहिले. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, मग हे रिपोर्टात का नाही आलं? आणि मी म्हणाले, “वर दिलं होतं दादा... वरच्या लोकांनी घेतलं नाही.”

हे वाक्य माझ्या तोंडून कसं निघालं ते मला आजही सांगता येत नाही. ठरवून निघालं नाही. पण निघालं, आणि परत घेतलं नाही.

आठवड्याने देवळासमोर आळीची बैठक भरली. लोक चिडलेले होते आणि मी समोर उभी होते. तीन वर्षं काय मोजलंत, एकाने विचारलं, तुमच्या कागदावर ओढा बरा झाला आणि आमच्या घरात आला. तेव्हा दादा उठले. ते चार लोकांत बोलणारे नव्हते. “तिला बोल लावू नका. माजी वही वाचनारी ती येकलीच व्हती. वरच्या सायबांनी दाबली.” त्यांच्या शब्दाला आळीत वजन होतं. एका म्हातारीने मला पाणी आणून दिलं आणि मी ते प्याले. मान खाली घालून उभी होते, लोकांना वाटलं असेल पोरीला वाईट वाटतंय.

त्या वहीच्या आधारावर मी नंतर अर्ज केले, खेटे घातले, मुखाचा गाळ उपसून घेतला. हे मी माझ्या बाजूने सांगते, पण मी खोडलेलं त्याने परत येत नाही. सुकती पुन्हा पंचवीसवर आली. आणि त्यानंतरच्या पुनवेला दादांचा पहिला फोन आला. कोणी सांगितलं नव्हतं, कसला करार उरला नव्हता. “भरती दोन-दहा, सुकती पंचवीस.” मी परत म्हणाले, दोन-दहा, पंचवीस. “लिवलंत ना?” मी म्हणाले, हो दादा, लिहिलं. असे सात वर्षं फोन आले. त्यांचा प्रश्न दर वेळी तोच आणि माझं उत्तर तेच. मी एकदाही लिहिलं नाही. पहिले काही दिवस लिहू म्हणून राहिलं, मग नोकरी बदलली, मग लग्न, मग घराचं कर्ज... कढईत फोडणी जळत असताना मी खांद्याने फोन धरून म्हणायची, दोन-दहा, चाळीस, लिहिलं. त्यांना दोनच गोष्टी हव्या होत्या. कोणीतरी आकडा परत म्हणावा, आणि कोणीतरी तो लिहावा. पहिली मी दिली.

शेवटची भेट गेल्या वैशाखातली. मी ठरवून गेले होते की आज सांगायचं. दादा साकवाखाली गुडघाभर पाण्यात उभे राहून मोजपट्टी रंगवत होते. दर वर्षी पावसाआधी ते स्वतःच्या डब्यातला रंग घेऊन आकडे नवे करायचे. मला म्हणाले, डबा धरा. मी चपला काढून पाण्यात उतरले, डबा धरला. बोलायला तोंड उघडलं, “दादा, त्या रिपोर्टाचं...” ते आठाचा गोल काढत होते, हात हलू नये म्हणून श्वास धरलेला. गोल पुरा झाल्यावर म्हणाले, जाऊ द्या, मोठ्या साहेबांचं काय मनाला लावून घ्यायचं, तुम्ही होता म्हणून वही तरी वाचली गेली. मग म्हणाले, सुकती परत पन्नासवर आली बरं का. गोदामवाल्यांनी मुखाशी पुन्हा माती टाकलीय. मी म्हणाले, बघते. रंगाचा एक ओघळ माझ्या मनगटावर आला, त्यांनी तो आपल्या धोतराच्या सोग्याने पुसला. मी सांगितलं नाही.

बाराव्याला गेले तेव्हा पाहुणे जेवून पांगले होते. वहिनी खाटेवर बसून भिजवलेले वाल सोलत होत्या, रंजना आत भांडी घासत होती. मी खाली बसले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. रकाना कोणी पुसला, ती ओळ कोणी लिहिली, वरच्या साहेबांनी काहीच दाबलं नव्हतं, फोनवरचे आकडे मी कधी लिहिले नव्हते. वहिनींचे हात चालू होते. एकेका वालाची साल निघत होती, दाणा ताटलीत पडत होता. मग त्यांनी एकदाच विचारलं, म्हणजे तेव्हाच मुख उपसलं असतं तर पाणी आलं नसतं का? मी म्हणाले, बहुतेक नसतं आलं. त्यांनी आपल्या मोडक्या पायाकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही.

“ह्ये त्यांना सांगायचं व्हतं,” त्या म्हणाल्या. “मना सांगून काय?”

मी रडले. त्यांनी मला गप्प केलं नाही, आणि हाकललंही नाही. थोड्या वेळाने रंजनाला हाक मारून म्हणाल्या, मॅडमला चहा दे, त्यांना लांब जायचंय. चहा पिऊन मी उठले. दारात पोचले तेव्हा मागून त्यांचा आवाज आला, या अवसेला पट्टी कोण वाचेल? मला विचारलं की रंजनाला, की नुसतंच म्हणाल्या, ते कळलं नाही. मी उत्तर दिलं नाही. माझ्या उत्तरांची त्या घराला पुरेशी ओळख झाली आहे.

परवा अवस होती. मी ऑफिसातून लवकर निघाले. सुकतीची वेळ बोटांवर मोजली. अवसेला तिथी शून्य धरून बाराला भर, त्यापुढे सहा तास, आणि पाणी ओढ्यातून निघायला अर्धा-पाऊण तास जास्त, हे सगळं मला त्यांच्याच आवाजात आठवत होतं. पावणेसातला साकवावर पोचले. वाळ्याचं गवत छातीएवढं झालंय, काठ टिकलेत, एक बगळा गाळात उभा होता. पाणी काळं, जागच्या जागी थांबलेलं. खांबावर वैशाखातले आकडे अजून ठळक होते. आठाचा गोल सगळ्यात सुबक. मी कठड्यावरून वाकून वाचलं आणि मोठ्याने म्हणाले, “सुकती अठ्ठावन्न.” आणि थांबले. मागून एक रिक्षा गेली. आळीत कोणाच्या तरी टीव्हीवर बातम्या लागल्या होत्या. दादांच्या दारात वहिनी काठीला धरून उभ्या होत्या, माझ्याकडे बघत. मग मीच परत म्हणाले, “अठ्ठावन्न.” पर्समधून येताना घेतलेली शंभरपानी वही काढली. पहिल्या पानावर तिथी घातली, वेळ घातली, खरी, सहा पंचेचाळीस. त्यापुढे आकडा.

लिहिलं, दादा.